आढ्यावर बांधलेली होडी

गंगाधरराव सोलापुरातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवत होते. खारे वारे, मतलई वारे, व्यापारी वारे यांचे बाण फळ्यावर काढून काढून त्यांचा उजवा खांदा कायमचा दुखायला लागला होता. शिडात वारा भरतो कसा आणि होडी वाऱ्याच्या विरुद्धसुद्धा नागमोडी जाते कशी, हे ते इतकं रंगवून सांगायचे की शेवटच्या बाकावरची पोरंही माना वर करायची. आणि एवढं सगळं सांगणारा हा माणूस आयुष्यात शिडाच्या होडीत कधी बसला नव्हता.

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, प्लॉट घेतात, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात भांडतात. गंगाधररावांनी जाहीर केलं की आपण शिडाची होडी घेणार. ज्या शहरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, तिथल्या माणसानं होडी घ्यायची म्हणजे शेजाऱ्यांना वर्षभराची करमणूक झाली. त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी एवढंच विचारलं, की ती जुळे सोलापुरातल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावणार का. मग त्या पोळ्या लाटायला लागल्या आणि विषय मिटला असं त्यांना वाटलं.

विषय मिटला नव्हता. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला, मानसिंग नावाचा एक मासेमारी करणारा माणूस होता. त्यानं इंजिनाची नवी होडी घेतली होती आणि जुनी शिडाची विकायला काढली होती. गंगाधरराव पाहायला गेले तेव्हा मानसिंगानं शीड चढवून त्यांना काठावरूनच एक फेरी दाखवली. ते मळकं, ठिगळं लावलेलं शीड वाऱ्यानं एकदम पोट भरून फुगलं आणि होडी आवाज न करता तिरकी होत निघाली. गंगाधररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस वर्षं आपण खरंच सांगत होतो, असं ते घरी येऊन अनसूयाबाईंना म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याचा असा चेहरा नवा होता, त्यामुळे त्यांनी पार्किंगचा विषय पुन्हा काढला नाही. किंमत ठरली. फक्त मानसिंगानं स्वतःहूनच एक अट घातली होती. कुंडलिकआबांना दाखवल्याशिवाय आमच्या काठाला कोण होडी घेत नाही, असं तो म्हणाला.

म्हणून मार्चातल्या एका सकाळी गंगाधरराव आणि अनसूयाबाई दोघंही धरणकाठावर येऊन बसले होते. गंगाधररावांनी तयारी कडेकोट केली होती. जुनी होडी घेताना काय काय तपासावं याची बेचाळीस मुद्द्यांची यादी त्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. तिच्यात इंजिन किती तास चाललं आहे आणि शौचालयाची झडप नीट बसते का, हेही मुद्दे होते. मानसिंगाच्या होडीला यातलं काहीच नव्हतं, तरी गुरुजींनी त्या मुद्द्यांपुढे 'लागू नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. बरोबर शाळेतून निरोपाला मिळालेलं भिंग होतं, टॉर्च होता आणि घरातली छोटी हातोडी होती.

कुंडलिकआबा नऊच्या सुमाराला चालत आले. सत्तरीतला, काटक, किंचित पुढं झुकलेला माणूस, खांद्यावर हत्यारांचं पोतं. जातीचा सुतार. काठावरच्या निम्म्या होड्या त्यांच्या हातच्या, आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्या नजरेखालून गेलेल्या. तपासणीचे ते पैसे घेत नसत. होडी पास झाली तर पुढच्या टोकाला गेरूचं बोट लावायचे. नापास झाली तर कोळशानं फुली मारायचे, आणि मग ती होडी फुकट दिली तरी काठावरचं कोणी तिच्यात पाय ठेवत नसे.

होडी काठावर दोन ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. गंगाधरराव यादी हातात घेऊन लगबगीनं पुढं झाले, पण आबा होडीपर्यंत आलेच नाहीत. वीस पावलांवर बाभळीखाली बसले, तंबाखू मळली आणि नुसते बघत राहिले. मग उठून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथंही बसले. अर्धा तास गेला. गंगाधररावांनी हळूच मानसिंगाला विचारलं, की तपासणी कधी सुरू होणार. मानसिंग म्हणाला, की सुरू होऊन लई वेळ झाला. होडीला बाक आलाय का, एक बाजू खचलीय का, हे जवळनं दिसत नाही, लांबूनच दिसतं. गुरुजींनी यादी चाळली. हा मुद्दा तिच्यात नव्हता.

त्यानंतर आबांनी जे केलं ते पाहून अनसूयाबाई चटईवरून उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मानसिंगाला सांगून होडीच्या दोन्ही बाजूंना वाळूची पोती रचून घेतली, चुलीतली चाळलेली कोरडी राख तिच्या बाहेरच्या अंगाला सगळीकडं हातानं फासली, आणि मग शेतातल्या मोटारीचा पाइप आणून होडीतच पाणी सोडलं. होडी पाण्यात घालायच्या आधी होडीत पाणी घालायचं, अशी त्यांची रीत होती. पाण्यात तरंगणाऱ्या होडीत पाणी आत कुठून येतं ते कळत नाही, आत आलेलं सगळं पाणी तळाला एक होतं. पण भरलेल्या होडीतून पाणी बाहेर येताना आपली जागा दाखवतंच. जिथं केसाएवढी फट असेल तिथं राख काळी पडते.

गंगाधरराव थक्क झाले. इतकी साधी गोष्ट, आणि बेचाळीस मुद्द्यांत ती कुठंच नव्हती. होडी हातभर पाण्यानं भरली, मोटार बंद झाली आणि सगळे वाट बघत बसले. आबा अधूनमधून खाली वाकून, गाल जवळजवळ टेकवून राखेकडं बघायचे. बोटाच्या पेरानं कुठंतरी टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे आणि पुढं सरकायचे.  गंगाधररावांना भिंग काढायचा धीर होईना. दोन तास झाले आणि राख एका जागीही काळी पडली नाही. पाच वर्षांपूर्वी मानसिंगानं बाहेरून फायबरचा जाड लेप दिला होता, तो त्याच्या कामाला आला होता. मानसिंगाचा चेहरा खुलला. त्यानं घरून चहा मागवला. गुरुजींनी यादीत भराभर बरोबरच्या खुणा केल्या आणि पत्नीला म्हणाले, की बघ, मी म्हणत नव्हतो का.

अनसूयाबाई म्हणाल्या, की अजून त्यांनी गेरू काढलेला नाही.

आबांनी तळाचं बूच उपटलं. पाणी निघून गेल्यावर ते आत उतरले आणि पाय ठेवायच्या फळ्या एकेक काढून बाहेर द्यायला लागले. त्यांच्याखाली तळाचा लांब वासा होता, होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. वर्षानुवर्षांचं डांबर त्यावर बसलं होतं. आबा पटाशीनं डांबर खरवडत आणि बोटांनी लाकूड चाचपत गुडघ्यांवर पुढं चालले होते. मधोमध आल्यावर त्यांचा हात थांबला. वाशाच्या कडेला एक गुळगुळीत खाच होती. त्यांनी तिच्यात अंगठा घातला. मग दुसऱ्या कडेला चाचपलं, तिथंही तशीच खाच होती. बराच वेळ ते तसेच बसून राहिले, आणि गंगाधररावांना वाटलं की म्हाताऱ्याला भोवळबिवळ आली.

"मानसिंग, ही होडी तू कुणाकडनं घेतलीस?"

मानसिंगानं विकणाऱ्याचं नाव सांगितलं; होडी पलीकडच्या काठावरची होती, लेप देऊनच इकडं आणलेली. त्याच्या आधीचा मालक कोण, त्याच्याही आधीचा कोण, हे आबाच सांगत गेले आणि मानसिंग माना हलवत गेला. मग आबा होडीच्या काठावर बसले.

"ही माजी हाय. मी बांधलेली पैली. आन् ह्ये आमच्या घराचं आढं हाय. ह्या खाचंत पाळण्याची दोरी हुती. मी आन् माजी चार भावंडं ह्येच्याखाली वाडलोय."

आढं म्हणजे छपराच्या मधोमध जाणारं मोठं लाकूड, सगळं घर ज्याच्यावर तोललेलं असतं ते. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं धरणाचं पाणी यायला लागलं तेव्हा माणसांनी आपापली घरं उसकटून लाकूडफाटा वरच्या अंगाला आणला. आबा तेव्हा पंचविशीतले. बापाबरोबर बैलगाड्या बांधायचे. पण पाणी आलं आणि गाडीवाटाच बुडाल्या. सोयरेधायरे पलीकडच्या काठाला गेले. तिकडं जायला होडी पाहिजे होती, आणि होडी कशी असते हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पूर आला की गुऱ्हाळाच्या काहिलीत, त्या मोठ्या पसरट कढईत बसून नदी ओलांडणारी ही माणसं. तेव्हा कुंडलिक सुतारानं डोकं लढवलं. त्याला छप्पर बांधायला येत होतं. छप्पर पाणी आत येऊ देत नाही, होडीनंही पाणी आत येऊ द्यायचं नाही. मग छपरच उलटं करायचं. आढं तळाला, त्यावर दोन्ही बाजूंना वासे, वाशांवर फळ्या. होडी झाली. ती तरंगली तेव्हा सगळा काठ बघायला लोटला होता, आणि आबांचा बाप पाण्यात उभा राहून रडला होता.

गंगाधररावांच्या अंगावर काटा आला. भूगोलाचं पुस्तक पाठ असलेल्या माणसापुढं, समुद्रही न पाहिलेल्या एका सुतारानं स्वतःच्या घरातून काढलेली होडी उभी होती. आता तर त्यांना ती हवीच होती. त्यांनी आबांचे हात धरले आणि सांगितलं, की आबा, मी हिला जिवापाड जपेन. मानसिंगही हसत म्हणाला, की आता काय, गेरू लावा आणि मोकळे व्हा.

पण आबांचा चेहरा वेगळाच झाला होता. त्यांनी लाकूड टोचून बघायचा अणकुचीदार टोच्या मागून घेतला आणि ते होडीच्या बाहेरच्या अंगाला गेले. छपरावर फळ्या बसवताना वरची फळी खालच्या फळीवर चढवतात, म्हणजे पाऊस घरंगळून जातो. पंचविशीतल्या कुंडलिकानं तशाच चढवल्या होत्या. पण छप्पर उलटं झाल्यावर त्या जोडांची तोंडंही उलटी झाली, आभाळाकडं बघायला लागली. पाणी घरंगळण्याऐवजी प्रत्येक जोडात साचून राहायला लागलं. ही चूक दोन पावसाळ्यांनी त्यांच्या लक्षात आली, तोवर होडी विकली गेली होती. पुढच्या सगळ्या होड्या त्यांनी सरळ बांधल्या. उलट्या जोडांची होडी जगात एकच, आणि तिचे जोड पाच वर्षांपूर्वी फायबरच्या लेपाखाली गेले होते. ओल आत होती तशीच बंद झाली होती.

आबांनी लेपावर एका जागी बोट ठेवलं. वरून तिथं काहीच दिसत नव्हतं. पटाशीनं त्यांनी तळहाताएवढा तुकडा कापून काढला आणि टोच्या लावला. जोर दिलाच नाही. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी दुसरी जागा उघडली, तिसरी उघडली, पलीकडच्या अंगाला जाऊन दोन उघडल्या. सगळीकडं तेच. बांधणाऱ्याला चूक कुठं केली ते ठाऊक होतं, म्हणून सापडलं. दुसऱ्या कुणी तपासली असती तर ही होडी पास झाली असती.

"गुरुजी, ही होडी घिऊ नका," आबा म्हणाले. "बाईंना घिऊन मदी गेला, वारं सुटलं आन् शीड ताणलं, तर ही शेंगंवानी उकलंल."

 गंगाधररावांनी यादी मिटून खिशात घातली. फळ्या बदलता येतील का, असं त्यांनी विचारून पाहिलं. आबांनी मान हलवली. फळ्या कुजल्या, वासे खिळ्यांपाशी कुजले, राहिलं ते फक्त आढं. मग गुरुजी म्हणाले, की पाण्यात नाही घालणार. काठावरच ठेवू, छान रंग देऊ. तुमच्या घराची आठवण आहे ती. आबा त्यालाही नाहीच म्हणाले, तेव्हा मानसिंग खाली मान घालून बोलला. एक जण मागं लागलाय, पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायला त्याला शिडाचीच होडी हवीय, आणि तो काही बघायला-बिघायला मागत नाही. माझं पण पोट आहे की, आबा, असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आबा कोळसा हातात घेऊन उभे होते. फुली मारली तर काठावरची माणसं टळतील, पण बाहेरून येणाऱ्याला फुली काय कळणार.

"एक डाव मी एक होडी बगितली हुती," ते म्हणाले. "फळी कुजल्याली दिसली मला. पर मला कुणी इचारलं न्हवतं, म्हनून गप बसलो. एका घरचे तिगं भाऊ बुडून गेले तिच्यात. तवापासनं मी न इचारता सांगतोय. आन् ही तर माज्या हातची हाय."

हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. गंगाधररावांनी पत्नीकडं पाहिलं. अनसूयाबाई एका उघडलेल्या जोडापाशी गेल्या होत्या. त्यांनी आतलं लाकूड चिमटीत धरलं होतं आणि ते ओल्या भुशासारखं त्यांच्या बोटांतून गळत होतं. त्यांनी नवऱ्याला मान डोलावून खूण केली. छत्तीस वर्षांत त्या दोघांचं इतक्या झटकन एकमत क्वचितच झालं असेल. गंगाधरराव मानसिंगाला म्हणाले, की होडी मी घेतली, ठरल्या भावानं घेतली. मग आबांकडं वळून म्हणाले, की आता ती माझी आहे, आणि तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आबांनी कोळसा टाकून दिला आणि पोत्यातून तासायचा वाकस काढला.

ती होडी त्यांनी तोडली नाही, उसकटली. त्यांनी एक घाव वाया घालवला नाही. कोणता खिळा कोणत्या फळीला कुठून ठोकलाय, हे पंचेचाळीस वर्षांनी त्या हातांना आठवत होतं. आधी वरची फळी, मग तिच्याखालची, मग वासे, जोडीजोडीनं. जसं एकदा घर उसकटलं होतं तसंच, आणि त्याच माणसानं. मध्येच ते एखादी फळी उलटी करून जोडाकडं बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. मानसिंगानं मदतीला हात पुढं केला तर त्यांनी करू दिली नाही. काठावरून जाणारी माणसं थांबली, चपला काढून उभी राहिली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गंगाधरराव आयुष्यभर पृथ्वीवरच्या मोठमोठ्या गोष्टी सांगत आले होते, महासागर, हिमनद्या, ज्वालामुखी. स्वतःचं काम स्वतःच नापास करून सगळ्यांसमोर उकलणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्यांना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि पडलेही, पण आबांचं लक्ष नव्हतं.

दुपारी चारला वाळूत एकटं आढं उरलं. अठरा फुटी, सागवानी, काळंभोर. मानसिंग म्हणाला, की आबा, हे तुम्ही घरी न्या. आबा म्हणाले, की घराला आता स्लॅब आहे, स्लॅबला आढं कशाला लागतंय. मग दोघांनी मिळून ते पाण्यात लोटलं. ते एकदा बुडी मारून वर आलं आणि सरळ, समतोल तरंगायला लागलं. आबा गुडघाभर पाण्यात त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांनी ते जरा खाली दाबलं, सोडलं, आणि ते पुन्हा तितकंच वर आलं. कितीतरी वेळ ते असंच करत होते.

"ह्ये पास हाय," ते शेवटी म्हणाले. "ह्येच्यावर तुमाला दुसरी बांधून देतो, गुरुजी. ह्या बारीला जोड सरळ लावीन."

सत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य ऐकून गंगाधररावांनी हात जोडले.  आबा पाण्यातून बाहेर आले, धोतराचा सोगा पिळला, आणि काहीतरी राहून गेल्यासारखं दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागले.

"दोगास्नी पवायला येतं का?"

सात समुद्र शिकवलेल्या माणसानं खाली बघत नाही म्हणून सांगितलं. अनसूयाबाईंनीही मान हलवली. आबा कपाळाला हात लावून मटकन वाळूत बसले. सकाळपासून होडी तपासत बसलो आणि बसणारी माणसं तपासायची राहिली, असं ते स्वतःवरच चिडून म्हणाले.

"मला चार म्हयने लागतील. तवर शिका. मी हितंच पान्यात घालून बगनार. आलं न्हाय तर होडी देनार न्हाय."

सोमवारी सकाळी सहा वाजता सोलापुरातल्या तरणतलावावर नाव घालायच्या रांगेत गंगाधरराव उभे होते. अनसूयाबाई त्यांच्या पुढं होत्या.